दोन टिचक्या

को-चिएन नदीच्या मोरीवर आता एक डबा असतो,
जेवणाच्या डब्याएवढा. वर सौर पाटी, खाली पाण्यात सोडलेली तार.
दर पंधरा मिनिटांनी माझ्या फोनला कळवतो
लिटरमागे मीठ किती ग्रॅम.

आधी हे काम बाबांच्या जिभेचं होतं.
तेतचा सण सरला की समुद्र नदीत चढू लागतो,
तेव्हा त्रा विन्हच्या या काठावर
माणसं मोरीपाशी जमायची:
सारेत, उघडू का?
बाबा ओंजळ भरायचे, चूळ घोळवायचे, थुंकायचे.
"उघडा." नाहीतर नुसती मान.
एकदाच चुकले. अकरा घरांचं भात
दुधावर आलं होतं, उभ्या उभ्या पांढरं पडलं.
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

डबा बसवायला कान थोहून एक पोरगी आली,
होडीभर ओकत.
तिनेच शेतात भोकं पाडलेले नळ रोवले,
म्हणाली, नळातलं पाणी वीतभर खाली जाऊ दे,
तोवर पंपाला हात लावू नका.
भाताला तहानलेलं ठेवायचं? आम्ही तोंडावर पदर धरून हसलो.
ती म्हणाली, तुंबल्या चिखलातून बुडबुडे येतात ना,
तो वायू आभाळ तापवतो.
दिएउ म्हणाली, मग एक नळ माझ्या नवऱ्यालाही बसव.
त्या हंगामात डिझेलचे सहा कॅन लागायचे तिथे चार लागले,
लोंब्या होत्या तेवढ्याच.
मग मात्र दिएउने आणखी दोन नळ मागून घेतले.

बाबांचं मला आधी कळलं नव्हतं.
त्या मोठ्या तापानंतर एका संध्याकाळी
त्यांनी प्राहोकची वाटी, नुसती, भाताशिवाय,
चमच्या चमच्याने संपवली.
खारवलेल्या मासळीचा तो लगदा!
डोळ्यात पाणी नाही, तोंड वाकडं नाही.
मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

तेव्हापासून ते चूळ घोळवतात
आणि मी पाठीमागे फोन बघून होडीच्या काठावर टिचकी मारते.
एक टिचकी, गोडं. दोन, बंद ठेवा.
दोन वर्षं.
यावर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

परवा उधाणाच्या रात्री डबा गप्प झाला.
(सकाळी उघडला तर आत मुंग्या,
अंडी घालून, तारांवरून संसार मांडलेल्या.)
मोरीवर पंधरावीस माणसं, बॅटऱ्या, एक झोपाळलेलं पोर.
बाबांनी पाणी तोंडात घेतलं.
घोळवलं. घोळवत राहिले.
माझ्या बोटाखाली होडीचं लाकूड गार होतं,
माझ्यापाशी द्यायला काही नव्हतं.

ते थुंकले.
"जीभ मेलीय माझी," म्हणाले. "पोरीला विचारा."

मला वाटलं, आता ती अकरा घरं वर येतील.
पण दिएउ म्हणाली, अरे, ठाऊक आहे की.
तुझी टिचकी ऐकू आली की
आमचं पोरसुद्धा फळीला हात घालतं,
तू बोलेपर्यंत कोण थांबतंय?
कुणीतरी फसकन हसलं. मग बाबाही,
ओल्या हनुवटीने.

मग त्यांनी माझी ओंजळ धरून पाण्यात बुडवली.
"घे. गिळू नको.
आता सांग, कुठे लागलं?
टोकाला? कडांना? की मागे, घशाच्या दाराशी?"
मला नुसता चिखल लागत होता.
"पुन्हा घे," म्हणाले.
चौथ्या चुळीला कडांना काहीतरी चुरचुरलं,
फार बारीक, नखाखाली तूस जावं तसं.

"बंद ठेवा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी.

पहाटे मुंग्या झटकून डबा लावला. आकडा आला.
बाबा विचारत नव्हते,
जाळं विणत बसले होते, पाठ माझ्याकडे.
मी होडीपाशी गेले
आणि लाकडावर
दोनदा वाजवलं.